आधी वर, मग बाजूला

आमचे घरमालक ताटातली वाटी कधी सरकवत नसत. आमटी संपली की वाटी दोन बोटांनी धरून सरळ छातीपर्यंत वर उचलायची, तिथं क्षणभर थांबवायची, मग आडवी नेऊन काकूंच्या पळीखाली धरायची. परत येतानाही तसंच. आधी वर, मग बाजूला, मग खाली. पाहुण्यांना वाटे, हा कुठल्या तरी व्रताचा भाग असावा. काकूंच्या माहेरच्या एका आजीबाईंनी तर वाटी वर गेल्याबरोबर हातच जोडले होते. काकू तेवढ्या खालमानेनं हसत. त्या वाटीमागचं सगळं त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांच्याखेरीज फक्त मला.

मी मूळची साताऱ्याची. परभणीला मुलींच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली आणि खोली शोधत या घराच्या दारात उभी राहिले. आधीच्या घरमालकांनी माझी जात, गाव, लग्न आणि पाणी किती लागतं हे सगळं विचारून घेतलं होतं. यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "छत्तीस अंशाचा साईन तोंडपाठ हाय का?"

"तोंडपाठ नाही, पण तक्त्यात बघून सांगते," मी म्हटलं.

"तक्ता बघता येतो? मग ऱ्हावा. समोरची खोली तुमची."

आतून काकूंचा आवाज आला, "आधी पाणी तरी द्या की त्या बाईला. आल्या आल्या परीक्षा घ्यायलाय!"

माणूस जमीन मोजणीच्या सरकारी खात्यात होता. गावोगाव सगळे त्यांना मोजणीसाहेब म्हणत. आठवडाभर एसटीनं बोरी, पेडगाव असं कुठं कुठं जायचं, साखळी टाकायची, हद्दीचे दगड शोधायचे, भावाभावांची भांडणं ऐकायची आणि शनिवारी धुळीनं पांढरं होऊन घरी यायचं. रविवारी आंघोळ झाली की मागच्या खोलीत शिरायचं. त्या खोलीत ते यंत्र होतं. काकू त्याला 'धूड' म्हणत.

धूडच होतं ते. जुन्या लेथचा सांगाडा, त्यावर आडवे-उभे दोन मोठे आटेदार दांडे, वर हातभर उंचीचा खांब आणि त्यात भिरभिरणारी कोरायची सुरी. दांडे फिरवायला हैदराबादच्या भंगार बाजारातून आणलेल्या मोटारी. अशा मोटारी एकदम फिरत नाहीत, टिक टिक करत ठरल्या मापानं सरकतात. भाच्यानं दिलेला एक छोटा संगणक, तो टीव्हीला जोडायचा आणि त्यावर यंत्रासाठी एकेक ओळ लिहायची: इतकं उजवीकडं, इतकं पुढं, इतकं खाली. यंत्र ओळीमागून ओळ वाचणार आणि लाकडात सुरी चालवणार. असलं यंत्र त्यांनी हैदराबादला एका कारखान्यात काचेआडून पाहिलं होतं. काचेआडून पाहिलेली मिठाई माणूस विसरतो, हे विसरले नाहीत.

त्या ओळींना ते हुकूम म्हणत. निजामाच्या काळातल्या जमिनीच्या कागदांवर त्यांची हयात गेलेली. "बाई, हुकूम लिवताना इमान पाहिजे," ते सांगत. "यंत्राला अक्कल न्हाई, पण ते आज्ञाधारक लय हाय. आपण चुकीचं बोललो की ते चुकीचं अगदी बरोबर करतं."

याचा पहिला अनुभव मलाच आला. त्यांनी माझ्या खोलीच्या दारासाठी सागवानी पाटी कोरायची ठरवली. हुकूम लिहिले आणि आकड्यांपुढचा दशांशाचं टिंब द्यायचं विसरले. टिंब नसेल तर यंत्र तो आकडा बारीकातल्या बारीक मापाचा धरायचं. सुरी खाली गेली, जागच्या जागी थरथरली आणि वर आली. हातभर पाटीच्या मधोमध माझं आख्खं नाव तिळाएवढ्या जागेत होतं. दुसऱ्या कुणी ती पाटी चुलीत घातली असती. यांनी ती दारावर ठोकली. पोस्टमन नवा आला की कोऱ्या पाटीकडं बघून विचारात पडायचा, आणि मोजणीसाहेब मोठ्या अभिमानानं आतून भिंग घेऊन यायचे.

यंत्रानं माणूस किती बिघडतो हे पाहायला लोकांनी त्यांच्या घरी यायला हवं होतं. आटेदार दांडा उलटा फिरवला की सुरुवातीला थोडा ढिला पडतो, म्हणून नेमक्या जागी यायचं तर दर वेळी एकाच बाजूनं यावं, असा यंत्राचा नियम. हा नियम त्यांनी पायांनाही लावला. घरी ते नेहमी स्टेशनच्या बाजूनं येत. बाजारातून आले तर घर ओलांडून पुढं जायचे, लिंबाच्या झाडापाशी वळायचे आणि परत येऊन दारात शिरायचे. पाऊस असो, हातात भाजीची पिशवी असो, मागं पाहुणे असोत. एकदा त्यांचा वरिष्ठ अधिकारी सोबत होता, तोही बिचारा लिंबापर्यंत जाऊन आला.

शून्याचं तर विचारू नका. यंत्र सगळं एका जागेपासून मोजतं, ते त्याचं शून्य. खोलीच्या कोपऱ्यात त्यांनी फरशीत एक पितळी खिळा ठोकला होता, ते घराचं शून्य. वीज गेली आणि परत आली की यंत्र जिथं थांबलं असेल तीच जागा शून्य समजायचं आणि तिथून भलतीकडं कोरत सुटायचं. "लय माणसं अशीच असतात," ते म्हणायचे. "एकदा लाइट जाऊन येती आन् त्यांना वाटतं, आपुन हाय तिथूनच दुनिया सुरू झाली."

नामांतराची वर्षं होती ती. विद्यापीठाचं नाव बदलावं की बदलू नये यावरून आज या बाजूचा बंद, उद्या त्या बाजूचा मोर्चा. चहाच्या हॉटेलात प्रत्येकाला विचारत, तुम्ही कुठल्या बाजूचे? मोजणीसाहेबांनाही विचारलं. त्यांनी बशी वर उचलली, बाजूला नेली, खाली ठेवली आणि म्हणाले, "मी उभी हयात सातबाऱ्यावरची नावं बदलताना बघतोय. नाव बदललं म्हणून जमीन कधी खचली न्हाई. मग कोण्या मोठ्या माणसाचं नाव लागायलंय तर भ्यायचं कामून?" मग ते शांतपणे चहा संपवून निघाले आणि घर ओलांडून, लिंबाला वळसा घालून आले. मला त्या दिवशी या माणसाच्या घरात राहते याचा अभिमान वाटला, आणि तो आजही वाटतो.

आता काकूंविषयी सांगायला हवं, कारण या गोष्टीत खरं काही पणाला लागलं असेल तर ते त्यांचं.

काकू पालमच्या, गाठी करणाऱ्या घरातल्या. पाडव्याला गुढीवर चढते ती साखरेची माळ, तिची पदकं लाकडी साच्यात ओततात. साच्याच्या दोन फळ्या असतात. दोन्हींवर तीच फुलं कोरलेली, पण एकीवरची दुसरीच्या मानानं आरशातल्यासारखी उलटी. म्हणजे फळ्या मिटल्या की फूल फुलावर बरोबर बसतं. मधून दोरा ताणायचा, वरून पाक ओतायचा, निवला की फळ्या उघडायच्या. काकूंच्या वडिलांनी, आप्पांनी, एक साचा स्वतःच्या हातानं कोरला होता. आप्पा गेल्यावर दुकान भावांकडं गेलं आणि काकूंच्या वाट्याला तो साचा आला. माहेराहून त्यांनी तेवढंच आणलं. महाशिवरात्र झाली की मागच्या अंगणात शेगडी पेटायची आणि पाडव्यापर्यंत सगळ्या गल्लीला साखरेचा वास यायचा. परभणीत कितीतरी घरांत काकूंच्याच गाठी जात. इतर वेळी त्या मोजणीसाहेबांची बायको असत, त्या दिवसांत ते गाठीवाल्या काकूंचे यजमान असत.

साचा जुना झाला होता, कडा झिजल्या होत्या. मोजणीसाहेबांच्या डोक्यात आलं, आपण याचा नकाशा काढून ठेवू. एक फळी यंत्राखाली आवळायची, सुरीच्या जागी पोलादी सुई लावायची. सुई खाली जाऊन लाकडाला टेकणार, माप घेणार, वर येणार, पुढं सरकणार. शेताची मोजणी करतात तसं. काकूंना सांगायचं नाही, नवा साचा एकदम हातात ठेवायचा.

तोवर ते चारचौघांसारखेच वाट्या सरकवत जेवायचे, हे आधी सांगायला हवं होतं.

त्या रविवारी काकू महादेवाला गेल्या होत्या. मी माझ्या खोलीत वह्या तपासत होते. मागून टिक टिक ऐकू येत होती आणि मग लाकूड चरचरल्याचा आवाज आला. धावत गेले. मोजणीसाहेबांनी वायर उपटून हातात धरली होती. एका ठिकाणी त्यांचे दोन हुकूम खालीवर झाले होते. यंत्राला आधी वर ये, मग बाजूला हो, असं सांगायच्या जागी त्यांनी आधी बाजूला हो, मग वर ये, असं सांगितलं होतं. आज्ञाधारक यंत्र लाकडात रुतलेली सुई घेऊनच बाजूला गेलं होतं. फुलाफुलांतून ती आडवी ओढत गेली, आणि वाळलेलं जुनं लाकूड त्या रेघेवर फाटलं. फळीचे तुकडे झाले होते.

"जोडता येईल का?" मी विचारलं.

"पाक गळंल," ते म्हणाले.

काकू आल्या, कपाळावर विभूती, हातात नारळाचा प्रसाद. त्यांनी तुकडे पाहिले. मोजणीसाहेब म्हणाले, "कसूर माझा हाय." काकूंनी प्रसाद देवळीत ठेवला, तुकडे पदरात घेतले आणि आत गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याशी बोलणं सोडलं. घर मात्र घड्याळासारखं चालू होतं. जेवण झालं की त्या दाराच्या चौकटीला सांगत, "वाढलंय म्हणावं." चौकट नसेल तर मला. "बाई, विचारा बरं, डबा नेणार हायत का." मोजणीसाहेब तीन हातांवर उभे असत. ते मला सांगत, "न्हेणार हाय म्हणावं." मी दोघांमधली एसटी झाले होते. तसं विनोदानं सांगते खरं, पण त्या घरात तेव्हा घास उतरत नसे. वाटी वर उचलायला ते त्याच दिवसांत शिकले. मला वाटतं, दर घासाला ते स्वतःला त्या चुकीची आठवण करून देत होते.

शिवरात्र झाली. अंगणात शेगडी पेटली नाही. गिऱ्हाइकं विचारून परत जायला लागली, आणि काकू "औंदा न्हाई," एवढंच सांगत. मग एक दिवस मोजणीसाहेब माझ्या दारात आले. हातात शाबूत राहिलेली दुसरी फळी होती.

"हिच्यावरनं तिची उलटी फळी काढायची. पाडव्याच्या आत. गणित तुमचं, हुकूम माझे."

मी फळी पाहिली. फुलं सुंदर होती, पण एकासारखं दुसरं नव्हतं. कुठं पाकळी जाड, कुठं देठ तिरका. मधल्या एका फुलाची पाकळी तर सरळ देठापर्यंत लांबत गेली होती, पटाशी घसरल्यासारखी. मी गणिताची बाई. मी म्हटलं, "दोन्ही फळ्या नव्या करू. सगळ्यांत चांगलं एक फूल घेऊ आणि तेच सगळीकडं कोरू. हुकूमही थोडे लागतील."

ते माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी हद्दीचा दगड उचलून घरी न्यायला सांगितला होता.

"शेतकऱ्याचा बांध वाकडा असला तर नकाशात तो आपण सरळ काढतो का, बाई? जसा हाय तसाच काढायचा. आन् ही लांब पाकळी बघा. त्या फुटलेल्या फळीवर बी अशीच व्हती. आप्पाची पटाशी एका फळीवर घसरली, तर त्यांनी दुसऱ्या फळीवर मुद्दाम तसंच कोरलं. दोन्हीकडं असल्यावर ती चूक कुठं ऱ्हायली?"

मी तक्ते काढले.

पुढचे दिवस मी आयुष्यात केलेलं सगळ्यांत चांगलं गणित केलं, हे मला कुणी न विचारता सांगायचं आहे. प्रत्येक पाकळीची कड म्हणजे वर्तुळाचे लहान लहान तुकडे. प्रत्येक तुकडा कुठं सुरू, कुठं संपतो, मध्यबिंदू कुठं. त्यात सुरीला स्वतःची जाडी असते, ती रेघेवरून चालली तर फूल मोठं होतं, म्हणून तिला रेघेच्या आतून चालवायचं. ते कंपासनं मापं घेऊन सांगत, मी आकडे काढी. उलटी फळी हवी म्हणून डावं ते उजवं करायचं. आणि इथं एक खोच होती. आरशात जागा उलटते तसं वळणही उलटतं. मूळ फळीवर सुरी जिथं उजवीकडं वळते, तिथं नव्या फळीवर तिनं डावीकडं वळायला हवं. मी जागा उलटवून दिल्या आणि बजावलं, "वळणं तुम्ही बदला. एकही विसरू नका." ते म्हणाले, "बाई, मी मोजणीवाला हाय." त्यांचं म्हणणं मी मानलं.

कोरायला मुहूर्त हवा होता तो विजेचा. एरवी आमच्या भागात वीज असली तरी दिव्याची नुसती वात दिसायची, कारण पिठाच्या गिरण्या आणि लाकडाची करवत. तेवढ्यात बंद पुकारला गेला. गाड्या बंद, शाळा बंद, गिरण्या बंद. सकाळी मोजणीसाहेबांनी दिवा लावून पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. इतकी भक्कम वीज त्या घरानं कधी पाहिली नव्हती. शहरात सामसूम होती आणि आमच्या मागच्या खोलीत यंत्र गात होतं. दर फुलानंतर सुरी वर येई, मोजणीसाहेबांचा हात आपोआप वर जाई, सुरी बाजूला होई, तेही बाजूला होत. दुपार कलली आणि फळी पुरी झाली. सागाचा वास, सगळीकडं भुसा, आणि त्यात फुलंच फुलं.

काकूंना बोलवायची जबाबदारी अर्थात माझ्यावर आली.

त्या आल्या. यंत्राकडं पाहिलंसुद्धा नाही. खाली बसल्या, जुनी फळी मांडीवर घेतली, नवी हातात घेतली आणि अंगठा फिरवायला लागल्या. साच्याची पारख डोळ्यांनी करत नाहीत, पाक कुठं अडेल ते अंगठ्याला कळतं. लांब पाकळीपाशी अंगठा थांबला.

"हितं मी आप्पाला हलवलं व्हतं," त्या मला म्हणाल्या. "लहान व्हते. म्हणलं, उठा की, जत्रंला चला. आन् पटाशी गेली घसरून. मला वाटलं मारत्याल. तर हसले आन् दुसऱ्या फळीवर बी तसंच कोरलं." त्यांचा आवाज ओला झाला होता. मोजणीसाहेब खिडकीबाहेर बघत होते. मला दोघांचीही माया आली.

अंगठा पुढं सरकला. कडेच्या शेवटच्या फुलाशी पुन्हा थांबला. मागं आला, पुन्हा तिथंच थांबला. काकूंनी जुनी फळी तपासली, मग नवी. मी वाकून पाहिलं. एक पाकळी बाहेर फुगायच्या ऐवजी आत दबली होती. एक वळण उलटवायचं राहिलं होतं. मोजणीवाल्याचं.

"हे आप्पाचं न्हाई," काकू म्हणाल्या. आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्यांनी मान वर करून नवऱ्याकडं पाहिलं. "हे कुणाचं?"

"माझं," मोजणीसाहेब म्हणाले. पडलेल्या माणसाचा आवाज होता तो. "वळण उलटं पडलं. दुसरी करतो, लाकूड हाय. तुमी फकस्त…"

"लाकूड असू द्या." काकूंनी दोन्ही फळ्या एकमेकींवर मिटल्या. कडेला कड बसली, फक्त त्या एका पाकळीशी जराशी खाच राहिली. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. "आप्पाची एक हाय, तुमची बी एक ऱ्हाऊ द्या. उठा आता, कोळसा फोडा. पाडवा काय तुमच्या हुकमानं थांबायलाय का?"

मोजणीसाहेब उठले आणि कोळसा आणायला निघाले. घाईत दारातली बादली पायानं सरकवून गेले. आधी वर, मग बाजूला, यातलं काहीही त्यांना त्या वेळी आठवलं नाही.

पुढं माझी बदली झाली, लग्न झालं, मी पुण्याला आले. मोजणीसाहेब आता नाहीत. त्यांना नेलं तेव्हाही काकूंनी खांदेकऱ्यांना सांगितलं म्हणे, आधी लिंबापर्यंत न्या आणि मग वळा. खरंखोटं देव जाणे, पण मी विश्वास ठेवते. काकूंच्या हातून आता ओतणं होत नाही, भाचेसून ओतते, साचा तोच. दर वर्षी पाडव्याआधी माझ्या घरी गाठीचं पुडकं येतं.

माझा मुलगा इंजिनियर आहे, असलीच यंत्रं चालवतो. त्याला मी ती दबलेली पाकळी दाखवली. तो म्हणाला, "आई, आता हुकूम संगणक स्वतःच लिहितो. उलटं करायला सांगितलं की वळणंही तोच बदलतो. ही चूक आता होऊच शकत नाही."

"वाईट झालं," मी म्हटलं.

गुढी उतरली की गाठीचे तुकडे करून मी सगळ्यांना वाटते. शेजारीपाजारी, कामवाली, लिफ्टवाला, कुणाला सोडत नाही. ते एक फूल मात्र मी कुणाला देत नाही.